आवडला, पण कां?

चित्रगृहांतून बाहेर पडणारीं माणसें पायऱ्या उतरतां उतरतांच निकाल देऊन मोकळीं होतात. कोणी म्हणतो, "झकास!" कोणी म्हणतो, "पैसे फुकट गेले." घरीं पोंचेपर्यंत विषय संपलेलाही असतो. वस्तुतः विषयाला आरंभ व्हावयाचा तो येथूनच. आवड क्षणांत उत्पन्न होते. मत मात्र विचारानें बनवावें लागतें. आंबा गोड लागला हें सांगण्यास जीभ पुरते. परंतु तो हापूस कशावरून ओळखला, हें सांगावयाचें तर जाणकारी लागते. चित्रपट आणि दूरदर्शनवरील मालिका यांविषयीं घरोघर रोज जें बोललें जातें, त्याला या जाणकारीची थोडी जोड मिळाली तर त्या बोलण्याचें मोल पुष्कळ वाढेल.

उदाहरणादाखल प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' घ्यावा. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३६ सालीं पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षीं व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. घरांतील आजोबा त्याला उत्तम म्हणतात, कारण तो तुकोबांचा आहे. नातू त्याला जुनाट म्हणतो, कारण त्यांत चमत्कार आहेत. दोघांचीं मतें ठाम असतात, परंतु तीं तुकोबांविषयीं आणि चमत्कारांविषयीं असतात. चित्रपट बाजूलाच राहतो. अशा वेळीं कोणी जिजाईचें नांव काढलें कीं बोलण्याला वेगळें वळण लागतें. गौरी या नटीनें उभी केलेली जिजाई चुलीशीं आणि मुलांशीं बांधलेली आहे. मूल आजारी पडलें असतां ती प्रत्यक्ष विठ्ठलावर संतापते. आणि पति वैकुंठास निघाला असतांही मुलाबाळांसाठीं मागें राहते. विष्णुपंत पागनिसांची शांत मुद्रा आणि हिची फटकळ वाणी समोरासमोर आल्यामुळें, एकाच्या भक्तीची किंमत संसारांत दुसऱ्याला कशी मोजावी लागते, हें प्रेक्षकाला दिसतें. येथें आजोबा आणि नातू यांना बोलण्यासाठीं समान भूमि सांपडते. कोणालाही आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा सोडावी लागत नाहीं. याच चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं रचलेला एक अभंग इतका अस्सल उतरला कीं अनेकांना तो गाथेंतलाच वाटला. ही हकीकत कळल्यानें अभंगाची गोडी कमी होत नाहीं. उलट ती गोडी कशांत आहे, हा प्रश्न मनांत उभा राहतो आणि मताला आरंभ होतो.

कांहीं चित्रपटांवर बोलणें याहून नाजूक असतें. १८९९ सालच्या देवलांच्या 'शारदा' नाटकांत वृद्धाशीं ठरलेलें कोवळ्या मुलीचें लग्न अखेर मोडतें. व्ही. शांताराम यांच्या १९३७ सालच्या 'कुंकू'मध्यें तें लागून चुकलेलें आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. शांता आपटे यांची नीरा लग्न झालें एवढ्याच कारणानें पत्नीपण पत्करण्यास नकार देते; केशवराव दाते यांचा वृद्ध पति हळूहळू आपला अन्याय ओळखतो आणि शेवटीं आत्महत्या करतो. हा शेवट योग्य कीं अयोग्य, यावर एकमत होणें कठीण. एक पक्ष म्हणतो, म्हाताऱ्याच्या पश्चात्तापानें चित्रपटाला उंची आली. दुसरा पक्ष म्हणतो, त्याच्या मरणानें प्रेक्षकाची सारी करुणा त्याच्याकडे वळली आणि नीरेचा प्रश्न परस्पर मिटविण्यांत आला. दोन्ही पक्षांना चित्रपटांतच आधार मिळतो. म्हणून हा वाद खरा आहे.

पण घरांत हा वाद निघतो तेव्हां आणखीही कांहीं घडत असतें. सासरे "बिचारा म्हातारा" म्हणतात आणि क्षणभर थांबून सून विचारते, "आणि नीरेचें काय?" त्या प्रश्नांत चित्रपटाबाहेरचेंही पुष्कळ असूं शकतें. मनांतील जी गोष्ट सरळ बोलतां येत नाहीं, ती नीरेच्या नांवानें बोलतां येते. त्या वेळीं कोणी "चित्रपट तो, एवढें काय मनावर घ्यावयाचें!" म्हणून हंसलें, तर एक मत तर दडपलें जातेंच, शिवाय मोठ्या धैर्यानें उघडलेलें एक दार बंद होतें. तें पुन्हां केव्हां उघडेल, कोणास ठाऊक!

आवडीला आठवणींचाही रंग चढतो. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ प्रथम पुस्तकांत भेटले. १९४० सालीं मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावें करून' या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शनचें मुंबई केंद्र सुरू झालें आणि पुढें त्याच दशकांत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं ही जोडी घराघरांत आणली. वाचकाला पुस्तकांतलाच चिमणराव खरा वाटतो. दूरदर्शनच्या प्रेक्षकाला प्रभावळकरांखेरीज दुसरा चिमणराव कल्पितां येत नाहीं. त्या काळीं चाळींत एखाद्याच घरीं संच असे आणि शेजारचीं मुलें सतरंजीवर दाटीवाटीनें बसत. त्या मालिकेवरील प्रेमांत अभिनयाचा वाटा किती आणि त्या सतरंजीचा किती, हें प्रत्येकानें प्रामाणिकपणें पाहावें. सतरंजीचें प्रेम खोटें नव्हे. मात्र तें नव्या पिढीवर लादतां येत नाहीं. अभिनयाचे गुण दाखवून देतां येतात.

आज ती सतरंजी उरली नाहीं. एकाच घरांतील चार माणसें चार मोबाइलवर चार निरनिराळ्या मालिका पाहतात, आणि कोण कशानें हंसलें किंवा कोणाचे डोळे कां भरून आले, याचा शेजारच्या खोलींत पत्ता नसतो. एकत्र पाहणें संपलें आहे. एकत्र बोलणें मात्र अजून हातीं आहे. त्याला फारसें साहित्यही लागत नाहीं. "चांगला" किंवा "वाईट" एवढ्यावर न थांबतां एखादा प्रसंग सांगावा आणि तो कां लक्षांत राहिला तें सांगावें. ज्यानें चित्रपट पाहिलेला नाहीं, त्याच्यापुढें शेवट फोडूं नये. वडील माणसानें आपलें मत शेवटीं द्यावें; कारण तें आधीं दिलें गेलें कीं धाकटीं माणसें बहुधा माना डोलावतात किंवा गप्प बसतात. आणि कोणाची आवड आपल्याहून वेगळी निघाली, तर तिला हंसण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: "तुला त्यांत काय दिसलें?" रात्रीच्या जेवणाच्या वेळीं तो सहज विचारला, तर उत्तरांत चित्रपटाइतकेंच घरांतलें माणूसही समजेल.