गाडी न चालवण्याचा अधिकार

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी लंडनच्या भुयारी रेल्वेतील पाच दिवसांवर बोलेन असे कळवले. त्यावर त्यांचा लगेच दूरध्वनी आला. "तुमची हयात आपल्या रेल्वेच्या लोकोशेडमध्ये गेली, मग लंडन कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्या घरातील भांडणाचा निवाडा करताना नात्यागोत्याचा विचार आड येतो. शेजारच्या घरातील भांडण मात्र स्वच्छ दिसते. म्हणून आधी लंडनला जाऊ. परत तर आपल्याला यायचेच आहे.

'काम बंद' हा शब्द ऐकला की आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाच्या कपाळाला आठी पडते. पडावी, असे अनुभवही आपल्याला पुष्कळ आले आहेत. गिरणगावाची राखरांगोळी होताना या सभागृहातील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. लोकलचे मोटरमन अचानक थांबले, तर सात-आठ तास उभ्याने घालवून दिवा-डोंबिवली गाठणारी माणसे त्यांना आशीर्वाद देणार नाहीत. परंतु प्रत्येक नकार हा संप नसतो, आणि हा भेद न कळल्यामुळे माणसे मरतात. आज मला एवढेच सांगायचे आहे.

लंडनच्या नकाशावर काळ्या रेषेने दाखवलेला 'नॉर्दर्न' हा मार्ग दक्षिणेच्या मॉर्डनपासून उत्तरेच्या एजवेअर आणि हाय बार्नेटपर्यंत जातो. त्यातील मॉर्डन ते ईस्ट फिंचली हे बँक स्थानकावरून जाणारे भुयार सुमारे २८ किलोमीटर लांबीचे असून एकेकाळी ते जगातील सर्वांत लांब रेल्वे भुयार होते. भुयार अरुंद, गाडी जेमतेम मावेल एवढे. मागची गाडी पुढच्या गाडीवर दोन-तीन मिनिटांच्या अंतराने येत असते. २००० सालच्या जानेवारीत या मार्गावरील गार्डची अखेरची गाडी धावली. त्यानंतर केबिनमध्ये एकटा चालक आणि त्याच्या मागे शेकडो प्रवासी, अशी स्थिती आली.

या चालकाच्या हातून चूक झाली, त्याला भोवळ आली किंवा तांबडा दिवा त्याच्या नजरेतून सुटला, तर काय? त्याची सोय त्या काळी फार जुनी आणि साधी होती. सिग्नल तांबडा असला की रुळाच्या कडेला एक लहानशी दांडी उभी राहत असे. गाडीच्या पुढच्या डब्याखाली एक खटका असे, त्याला ते लोक 'ट्रिपकॉक' म्हणतात. गाडी तांबडा सिग्नल ओलांडून गेली की खटका दांडीवर आपटे, ब्रेकच्या नळीतील हवा सुटे आणि आपत्कालीन ब्रेक लागे. चालकाला विचारले जात नसे. त्याची इच्छा असो वा नसो, गाडी थांबे. आणि सिग्नलच्या पुढे, गाडी थांबेल एवढे अंतर मोकळे राखलेले असे. यात संगणक नव्हता, बुद्धी नव्हती. म्हणूनच त्यावर विश्वास होता.

२००५ सालच्या शरद ऋतूत नॉर्दर्न मार्गावरील गाड्यांच्या नेमक्या या आपत्कालीन ब्रेकयंत्रणेत दोष दिसू लागले. गाड्या जुन्या नव्हत्या. अल्स्टॉम कंपनीने बांधलेल्या या १०६ गाड्या मार्गावर येऊन पाच-सात वर्षेच झाली होती. एकदा दोष आढळला, तपासणी झाली, गाडी पुन्हा रुळावर आली. मग पुन्हा दोष आढळला. असे काही आठवडे चालले. अखेर चालकांनी गाड्या नेण्यास नकार दिला आणि १३ ऑक्टोबर २००५ रोजी संपूर्ण मार्ग बंद झाला. बाहेरच्या स्थानकांना इतर मार्गांशी जोडण्यासाठी बसगाड्या लावाव्या लागल्या. १८ ऑक्टोबरला सेवा पूर्ववत झाली.

कुणी म्हणेल, ब्रेक तर होताच! चालकाने नेहमीचा ब्रेक सावधपणे वापरला असता, तर आपत्कालीन ब्रेकची गरज काय? हा युक्तिवाद मी आपल्याकडेही ऐकला आहे, तोही शिकल्यासवरलेल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून. 'आपल्याला पोहता येते, मग होडीत जाकीट कशाला', असे म्हणण्यासारखे आहे हे. आपत्कालीन ब्रेक हा चालक सावध असतानाच्या वेळेसाठी नसतोच. तो चालक माणूस आहे, हे मान्य करून बसवलेला असतो.

आणि लंडनच्या चालकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी सकाळच्या गर्दीच्या वेळी मूरगेट स्थानकात एक गाडी फलाटावर न थांबता सरळ पुढच्या बंद भुयारात घुसली आणि भिंतीवर आदळली. चालकासह ४३ माणसे गेली. ती शाखा त्या काळी नॉर्दर्न मार्गाचाच भाग होती. चालकाने ब्रेक का लावला नाही, याचे उत्तर चौकशीला कधीच सापडले नाही. त्यानंतर जो उपाय योजला गेला, तोही याच दांडी-खटक्याच्या तत्त्वावर: शेवटच्या स्थानकात येणारी गाडी ठरलेल्या वेगाहून जोरात आली, तर दांडी खाली पडत नाही आणि गाडी आपोआप थांबते. आता हा खटका किंवा त्याच्यापुढची ब्रेकयंत्रणाच काम करत नसेल, तर मूरगेटपासून घेतलेला सारा धडा त्या गाडीपुरता पुसला जातो. ज्या चालकाच्या मार्गाच्या इतिहासात मूरगेट आहे, त्याने 'आज नाही' म्हटले, तर मी त्याला दोष देणार नाही.

आता या मागची व्यवस्था पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. गाड्या चालवण्याची जबाबदारी लंडन अंडरग्राउंड या सार्वजनिक संस्थेची. मार्गाची देखभाल २००२च्या अखेरीपासून 'ट्यूब लाइन्स' या खासगी समूहाकडे. गाड्यांची देखभाल त्या बांधणाऱ्या कंपनीकडे, वेगळ्या दीर्घ मुदतीच्या कराराने. म्हणजे चालक एकाचा, रूळ दुसऱ्याचा आणि ब्रेक तिसऱ्याचा! आपल्याकडे 'बारभाई' हा शब्द आहे. तो तिथे चपखल बसला असता. सेवा खंडित झाली तर प्रवाशांचे किती तास वाया गेले हे मोजून कंत्राटदाराचे पैसे कापायचे, अशी त्या देखभाल करारांची रचना होती. हेतू वाईट नव्हता. पण गाडी थांबली की पैसे कापले जाणार, आणि दोषासह धावली तर निदान आज तरी काही कापले जाणार नाही, अशा रचनेत 'थांबा' म्हणणारा आवाज कुणाचा उरतो? केबिनमध्ये बसलेल्या माणसाचाच. पुढे ही सारी व्यवस्था कोसळली. भगिनी समूह मेट्रोनेट २००७ साली दिवाळखोरीच्या वाटेला लागला आणि ट्यूब लाइन्स २०१० साली सार्वजनिक संस्थेने विकत घेतली. मी खासगीकरणाच्या विरोधात बोलत नाही. सरकारी शेडमध्येही हेच घडते. तो अनुभव सांगतो.

मी नव्याने नोकरीला लागलो होतो. शेडमध्ये दुरुस्तीची एक वही असे. इंजिन घेऊन आलेला ड्रायव्हर तिच्यात दोष लिही आणि त्याच्यासमोर फिटरचा शेरा पडे. एका इंजिनाबद्दल तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच वाक्य होते: 'ब्रेक उशिरा धरतो.' आणि तिन्ही वेळा समोर शेरा होता: 'तपासले, दोष आढळला नाही.' चौथ्या दिवशी एका ज्येष्ठ ड्रायव्हरने ते इंजिन घेण्यास नकार दिला. पुढे घाट होता. कंट्रोलचे फोन खणखणू लागले. मी तरुण, अंगात नवा गणवेश आणि नवी ऐट. मी त्यांना म्हणालो, "काका, तीनदा तपासले आहे. तुम्हाला जायचे नसेल तर तसे सांगा." ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुम्ही थंड इंजिन तपासता. मी तापलेले चालवतो."

त्या दिवशी आम्ही ते इंजिन तासभर चालवून तापवले आणि मग ब्रेक लावून पाहिला. एक झडप तापल्यावर अडकत होती. थंड झाली की पुन्हा निर्दोष. फिटर खोटे बोलत नव्हता आणि ड्रायव्हरही नाही. दोष होता तो तपासणीच्या पद्धतीत. यंत्रातील सर्वांत घातक दोष तोच असतो, जो येतो आणि जातो. तुटलेली वस्तू कुणीही बदलतो. मधूनच रुसणारी वस्तू मात्र 'ठीक आहे' म्हणून परत रुळावर येते. म्हणून मी पुढे वरिष्ठ झाल्यावर एक गोष्ट पाळली: 'दोष आढळला नाही' हा शेरा एकाच इंजिनावर दुसऱ्यांदा दिसला, तर ते इंजिन निर्दोष म्हणून न मानता संशयित म्हणून बाजूला काढायचे. त्यापायी बोलणीही खाल्ली.

वारंवार येणाऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे लंडनच्याच पश्चिमेला लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी दिसले. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, ३१ जण मृत्युमुखी पडले. ज्या सिग्नलपाशी चूक झाली, तो एसएन १०९ क्रमांकाचा सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत तांबडा असताना आठ वेळा ओलांडला गेला होता. आठ वेळा! प्रत्येक प्रसंगाची नोंद होती, बैठका झाल्या होत्या. परंतु 'हा सिग्नल सुधारल्याशिवाय येथून गाडी जाणार नाही' असे म्हणणारा कुणी नव्हता.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खोटा नाही. सुरक्षेच्या नावाखाली पगाराची भांडणे लढवली जातात. नियमांवर बोट ठेवून गाड्या रखडवणे ही जगभरच्या रेल्वे संघटनांची जुनी युक्ती आहे. मग खरा नकार ओळखायचा कसा? मला स्वतःला वहीने शिकवले. खऱ्या नकाराच्या आधी नोंदी असतात, त्या वेगवेगळ्या हातांच्या असतात आणि त्या मागणीविषयी नव्हे तर वस्तूविषयी बोलतात. दुसरे असे, की दोष दूर झाला त्या तासाला काम सुरू होते. पुढे काही मागणे उरत नाही. ज्या नकारातून ब्रेक दुरुस्त झाल्यावरही बोनसची यादी निघते, तो संपच आहे, आणि त्याला संपाचेच नियम लावावेत. ब्रिटनच्या कायद्याने हा भेद केला आहे. संपाला तिथे मतदान आणि पूर्वसूचना लागते. पण गंभीर व तत्काळ धोका आहे असे रास्त कारणाने वाटून काम सोडणाऱ्याला शिक्षा करता येत नाही, अशी तरतूद १९९६ सालच्या नोकरीहक्क कायद्यात आहे. आपल्याकडे भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कामगाराला धोका 'निदर्शनास आणून देण्याचा' अधिकार मिळाला. निदर्शनास आणून देणे आणि थांबवणे यांतले अंतर या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही.

याची दुसरी बाजूही २००५ सालीच दिसली, जपानमध्ये. शिस्तीचे उदाहरण म्हणून आपण ज्या देशाकडे बोट दाखवतो, तिथे २५ एप्रिलला अमागासाकी येथे एक गाडी वळणावर घसरून इमारतीवर आदळली. १०६ प्रवासी आणि चालक गेले. तेवीस वर्षांचा हा चालक आधीच्या स्थानकात फलाट चुकून पुढे गेला होता आणि गाडीला दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला होता. चूक करणाऱ्या चालकांना तिथे 'पुनर्शिक्षण' या नावाखाली अपमानास्पद शिक्षा होत असे. त्या भीतीने त्याचे लक्ष विचलित झाले असावे, असे चौकशी आयोगाने म्हटले. ताशी ७० किलोमीटरच्या वळणात गाडी ११६च्या वेगाने शिरली. त्या वळणावर वेग रोखणारी स्वयंचलित यंत्रणा बसवलेली नव्हती. ज्याला उशिराचीच इतकी भीती, तो दोषाबद्दल तोंड उघडून गाडी थांबवील काय?

आता घरी परत येतो. आपल्या रेल्वेच्या नियमांत नकार परका नाही. मालगाडी निघण्यापूर्वी ब्रेकक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. ते वैध नसेल, तर ड्रायव्हरने गाडी न्यायची नसते. म्हणजे 'नाही' म्हणणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. अडचण येते ती 'नाही' म्हटल्यावर फोनवर काय ऐकावे लागते त्याची.

८ फेब्रुवारी २०२३ रोजी कर्नाटकात होसदुर्ग रोड स्थानकात संपर्क क्रांती एक्स्प्रेसला सिग्नल मिळाला होता. परंतु पुढचे सांधे चुकीच्या मार्गाकडे वळलेले होते आणि त्या मार्गावर समोर मालगाडी होती. लोको पायलटने सिग्नलवर भरवसा न ठेवता रुळाकडे पाहिले आणि गाडी थांबवली. दुसऱ्याच दिवशी त्या विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सिग्नलयंत्रणेतील या गंभीर दोषाविषयी लेखी इशारा दिला. चार महिन्यांच्या आत, २ जूनला, ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेस हिरव्या सिग्नलवर चुकीच्या मार्गात शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९०हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात कारण नोंदले आहे: चुकीची वायरजोडणी. त्याच अहवालात हेही आहे, की त्याच खरगपूर विभागात बांकडा नयाबाज स्थानकाजवळ १६ मे २०२२ रोजी चुकीच्या वायरजोडणीमुळे असाच प्रकार घडला होता आणि तेव्हाच उपाय झाले असते, तर बहानगा टळले असते. बहानग्याच्या लोको पायलटला नकार देण्याची संधीच नव्हती. दिवा हिरवा होता आणि वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या जवळ. त्याच्या वतीने नकार द्यायला हवा होता तो वर्षभर आधी, त्या वायरींसमोर उभ्या असलेल्या माणसाने.

त्या जुन्या शेडमधील वही मी निवृत्त होताना मागितली होती. नियमाप्रमाणे ती मुदत संपल्यावर नष्ट केली होती, असे कळले. चौथ्या दिवशी वहीत त्या काकांनी काय लिहिले होते, ते मात्र मला आठवते. त्यांनी नवे काहीच लिहिले नव्हते. वरच्या तीन ओळींखाली 'वरीलप्रमाणे' एवढाच शब्द आणि सही.