घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



कुणी घोरू लागलं की आपण म्हणतो, 'काय गाढ झोपलाय!' धुळ्याच्या माझ्या धाकट्या भावाबद्दल मीही तेच म्हणायचो. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी त्याची रात्रभर झोपेची तपासणी केली. डोक्याला-छातीला वायरी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. 10 सेकंद किंवा जास्त श्वास अडला अथवा फार मंदावला की एक नोंद. तासाला 30 झाल्या की आजार गंभीर. त्याच्या निघाल्या 42! अशा माणसाला भूल देणं जोखमीचं. म्हणून आधी काही आठवडे रात्री मास्कचं मशीन, मगच ऑपरेशन. आज तो ठणठणीत आहे.

ताई-वहिनींनो, घोरण्याला हसू नका. ते मध्येच थांबतं का, तिकडे कान द्या.