वागण्यामागचे कारण

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे वचन मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. परंतु घरातील एखादे मूल चारचौघांहून वेगळे वागू लागले की तेवढी उदारता आपल्यापाशी उरत नाही. पेडण्यातील वा डिचोलीतील एखाद्या वाड्यावर असे मूल असते. चवथीचे फटाके वाजू लागले की ते कान झाकून कोपरा गाठते. पाहुण्याने हाक मारली की नजर चुकविते. नेहमीची वाट सोडून दुसऱ्या वाटेने शाळेत नेले तर आकांत मांडते. क्वचित स्वतःचाच हात चावून घेते. शेजारी त्याला हट्टी ठरवितात, कोणी आईच्या लाडांवर ठपका ठेवतात, तर कोणी देवाला कौल लावण्यास सुचवितात. शास्त्र या वागण्याविषयी काय सांगते, ते पाहणे अगत्याचे आहे.

लिओ कॅनर या वैद्याने 1943 साली अमेरिकेतील अकरा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातून ‘स्वमग्नता’ ही संज्ञा रूढ झाली. ही अवस्था केवळ परदेशांतील आहे असे कोणी समजू नये. भारतातील पाच प्रदेशांत 2 ते 9 वर्षे वयाच्या 3,964 बालकांची जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. पेडणे व डिचोली हे तालुके ज्यात मोडतात, तो उत्तर गोवा जिल्हा त्या पाच प्रदेशांपैकी एक होता. सर्व प्रदेश मिळून शंभरात सुमारे एक मूल स्वमग्न आढळले.

काही मुलांच्या बाबतीत या वागण्याचे मूळ जन्मापूर्वीच, गुणसूत्रांत किंवा जनुकांत असते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र एक जास्त असते, हे 1959 साली फ्रान्समधील जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून 2015 साली दाखविले की, डाउन सिंड्रोम असलेल्यांत शेकडा सुमारे 16 जणांत, तर कॉर्नेलिया द लांगे सिंड्रोममध्ये शेकडा सुमारे 43 जणांत स्वमग्नतेची लक्षणे आढळतात.

तथापि, श्रोतेहो, वरून सारखे दिसणारे वागणे आतून सारखे असतेच असे नाही. फ्रॅजाइल एक्स सिंड्रोमचे मूल नजर टाळते. पण पुष्कळदा त्याला माणसांची ओढ असते, आड येते ती भिडस्त वृत्ती आणि मनाची धास्ती. हॅरी एंजलमन यांनी 1965 साली ज्यांचे वर्णन केले, ती मुले बोलू शकत नाहीत, परंतु हसत हसत माणसांकडे झेपावतात. प्रेडर-विली सिंड्रोमच्या मुलाची भूक जेवूनही शमत नाही, आणि ठरलेला क्रम मोडला की त्याचा तोल जातो. स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोममध्ये निद्रेला साहाय्य करणारा मेलाटोनिन हा स्राव रात्रीऐवजी दिवसा वाढतो. असे मूल वर्गात पेंगते आणि मध्यरात्री घर जागविते. त्याला आळशी म्हणून छडी मारणे हा केवढा अन्याय! कॉर्नेलिया द लांगे सिंड्रोममध्ये जठरातील आम्ल घशाशी येऊन वेदना होतात. बोलता न येणारे मूल त्या वेदनेपायी स्वतःला इजा करून घेत असण्याचा संभव असतो.

म्हणून वागणे सुधारण्याआधी त्याचे कारण शोधावे. कान, दात किंवा पोट दुखते काय? झोप पुरेशी होते काय? कोणत्या वेळी, कोणत्या आवाजाने, कोणत्या बदलाने मूल बिथरते? आईने या गोष्टी आठवडाभर वहीत टिपून ठेवल्या, तर वैद्याला त्या टिपणांचा मोठा उपयोग होतो.

मोठ्या शहरांतील तज्ज्ञ गाठल्यावाचून काहीच करता येत नाही, असेही नाही. गोव्यातील ‘संगाथ’ संस्था ज्यात सहभागी होती, त्या गोवा आणि रावळपिंडी येथील प्रयोगाचे फळ 2016 साली प्रसिद्ध झाले. त्यात 65 स्वमग्न मुले होती. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी त्यांपैकी निम्म्या मुलांच्या आईवडिलांना मुलाच्या कलाने कसे घ्यावे याचे मार्गदर्शन केले. आईबाप अधिक समजुतीने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपण होऊन त्यांच्याशी अधिक संवाद साधू लागली. सर्वच अंगांनी सुधारणा झाली नाही, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील बालकांची तपासणी होते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्पष्ट मान्यता दिली आहे. आईबापांनी संकोच न धरता या सोयींचा लाभ घ्यावा. जनुके बदलणे आज कोणा आईबापांच्या हाती नाही. परंतु मुलाच्या वाट्याला येणारा मार आणि आईच्या वाट्याला येणारा दोष थांबविणे गावाच्या हाती खासच आहे.