पडद्यावरचा अशोक आणि शिळेवरचा अशोक

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहारात सिनेमावर भाषण कशाला, असं काही ज्येष्ठांच्या मनात येईल. पण आपली लेकरं इतिहास शिकतात तरी कुठून? पाठ्यपुस्तक परीक्षेपुरतं असतं. पडद्यावर पाहिलेला राजा मात्र जन्मभर डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून पडदा काय दाखवतो आणि काय गाळतो, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

2001 साली संतोष सिवन यांचा ‘अशोका’ आला. शाहरुख खान सम्राट झाला होता. आपल्या वस्तीतली पोरं हौसेनं गेली. आपल्या अशोकावर एवढा मोठा सिनेमा, याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्यात काय आहे? प्रेमकथा आहे, गाणी आहेत, तलवारी आहेत. कलिंगचे युद्ध होते, अशोकाला पश्चात्ताप होतो आणि सिनेमा जवळजवळ तिथेच संपतो. बंधूंनो, आपला अशोक तर तिथूनच सुरू होतो!

कलिंगनंतर त्याने पंचवीस वर्षांहून अधिक काळ राज्य केले. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधोपचाराची सोय केली, विहिरी खोदल्या, रस्त्याच्या कडेने झाडे लावली. हे शिलालेखांत कोरलेले आहे. तेराव्या शिलालेखात तो स्वतःच सांगतो की कलिंगात दीड लाख माणसे कैद करून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेल्या राजाने आपल्याच विजयाचे दुःख दगडावर लिहून ठेवावे, अशी उदाहरणे जगात फार थोडी. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा लेख कलिंगमधल्या धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत. त्यांत प्रजा मला लेकरांसारखी आहे, कुणाला विनाकारण डांबू नका, छळू नका, अशी अधिकाऱ्यांना ताकीद आहे.

सिनेमातली कारुवाकी कलिंगची राजकन्या आहे, हाती तलवार घेऊन लढते. शिलालेखातली कारुवाकी ही अशोकाची दुसरी राणी, तीवराची आई. तिने दिलेल्या आमराया, बागा, दानशाळा तिच्याच नावे नोंदवाव्यात, अशी आज्ञा आहे. दान देणाऱ्या बाईच्या हाती पडद्याने तलवार दिली!

बुद्धांचेही तसेच. 1925 साली हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांनी ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट काढला. एडविन अर्नोल्डच्या काव्यावरचा. म्हातारा, रोगी, प्रेत पाहिले आणि राजपुत्र घर सोडून निघाला, ही कथा तेव्हापासून पडद्यावर चालत आली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये प्रश्न विचारला की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नव्हते, हे पटेल कसे? त्यांनी सांगितलेले कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण. शाक्य कोलियांशी युद्ध करायला निघाले. सिद्धार्थाने भर संघात विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले, तरी तो सैन्यात जायला तयार झाला नाही. घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. पाणी आणि बहिष्कार! हे दोन शब्द आपल्या आज्या-आजोबांना कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. अशा प्रसंगावर केवढा सिनेमा होईल. पण युद्ध करणारा दाखवणे सोपे, नाही म्हणणारा दाखवणे कठीण.

गाळण्याचा मोठा नमुना म्हणजे 1982 चा ‘गांधी’. तीन तासांहून मोठा, सरकारी पैसाही लागलेला. त्यात बाबासाहेब नाहीत. पुणे करार नाही. जगभरच्या लोकांनी तो पाहिला आणि त्यांच्या लेखी आपला बाप जन्मलाच नाही! पुढे जब्बार पटेल यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ केला. मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा 2000 साली आला आणि घराघरांत कॅसेटवर, पुढे सीडीवर पाहिला गेला. 2022 साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये आपल्या नागपूरची झोपडपट्टी आली, जयंती आली आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे अमिताभ बच्चन हात जोडून उभे राहिले. आपल्या माणसाने कॅमेरा हाती घेतला की चौकटीत काय येते, ते बघा.

तेव्हा सिनेमा पाहू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सहकुटुंब पाहा. फक्त घरी आल्यावर पोरांना विचारा, लढाईनंतर काय झालं? आणि कोण दिसलं नाही? उत्तर येत नसेल तर रविवारी वंदनेनंतर त्यांना विहारात आणा. ग्रंथ इथल्या कपाटात आहेत, ते काढा. धूळ झटकावी लागली तर ती आपली सर्वांची लाज समजा.

14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली. तलवार निघाली नाही, रक्त सांडले नाही, पण लाखोंचे आयुष्य पालटले. त्या दिवसाची गोष्ट आपल्या नातवंडांना सिनेमावाल्यांच्या आधी आपणच सांगू या.

जयभीम, नमो बुद्धाय!