एका नावाखाली : लॅकेसिस सर्पांचे वर्गीकरण

चुकीच्या फडताळात ठेवलेला ग्रंथ हरवल्यासारखाच असतो. प्राणिसृष्टीतही तसेच घडते. उष्ण अमेरिकेतील ‘लॅकेसिस’ ही विषारी सर्पांची प्रजाती याचे उदाहरण होय.

१७६६ मध्ये लिनीअसने हा सर्प शेपटीने खुळखुळा वाजविणाऱ्या सापांत घातला. खुळखुळा नसल्याने त्याला ‘मुका’ म्हटले. १८०३ मध्ये दोदँ याने स्वतंत्र प्रजाती मानून तिला आयुष्याचा धागा मोजणाऱ्या ग्रीक देवतेचे नाव दिले. १८९६ मध्ये बुलेंजरने आशियातील चापडेही, त्यांत आपल्या सह्याद्रीतील हिरवा चापडाही, याच नावाखाली आणले. वस्तुतः चापडा पिलांना जन्म देतो, लॅकेसिस अंडी घालतो. ही गल्लत पुढे दूर झाली.

उरलेली एकच जाती मानली जाई. १९९७ मध्ये झामुडिओ व ग्रीन यांनी आनुवंशिक द्रव्य तपासून तिचे विभाजन सुचविले. आता चार जाती मानतात : ॲमेझॉन खोरे व ब्राझीलच्या अटलांटिक अरण्यातील एक, पनामा ते एक्वादोरपर्यंतची दुसरी, मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन उतारावरील तिसरी, आणि तालामांका पर्वतापलीकडे, कोस्टा रिकाच्या नैर्ऋत्य भागातील काळ्या डोक्याची चौथी.

चौथीचे अरण्य अगदी लहान आहे. सारे एकाच नावाखाली राहिले असते, तर ते अरण्य तुटल्यावर एक जाती संपली, याची नोंदही झाली नसती. अचूक नाव हे रक्षणाचे पहिले पाऊल होय.