घसा धरला, म्हणजे काय झाले?

हवा पालटली की वर्गातली दोन-चार बाके रिकामी दिसू लागतात. विचारावे तर उत्तर ठरलेले, "गुरुजी, त्याचा घसा धरलाय." घरी हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या होतात आणि चार दिवसांत स्वारी परत बाकावर! बहुतेक वेळा हे ठीकच असते, कारण पुष्कळशी घसेदुखी विषाणूंची, आपली आपण बरी होणारी.

पण काही घसेदुखी स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूची असते. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू माळेतल्या मण्यांसारखा दिसतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांवर त्याचा डोळा अधिक. ताप एकाएकी चढतो, आवंढा गिळवत नाही, मानेच्या पुढच्या अंगाला दुखऱ्या गाठी येतात, टॉन्सिलवर पांढुरके ठिपके दिसतात. आणि खोकला, नाक वाहणे, आवाज बसणे ही मंडळी बहुधा नसतात. ती असली तर संशय विषाणूवर घ्यावा.

तरी नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ साली प्रौढ रोग्यांसाठी अशाच चार खुणा सांगितल्या. चारही जुळल्या तरी निम्म्यांच्या आसपास रोग्यांतच हा जंतू सापडला! म्हणून डॉक्टर घशातून कापसाचा बोळा फिरवून तपासणीला पाठवतात.

खरी गोम पुढेच आहे. शाळेतल्या शंभर धडधाकट मुलांचे घसे तपासले, तर दहा-बारा जणांत हा जंतू सापडू शकतो. ना ताप, ना दुखणे. हे नुसते वाहक. अशा मुलाला साधे पडसे झाले आणि तपासणी केली, तर जंतू दिसणारच. पण चोरीच्या रात्री पाहुणा गावात होता, एवढ्यावरून तो चोर ठरतो काय? वाहकाकडून रोग क्वचितच पसरतो, त्याला स्वतःलाही धोका फार थोडा. तेव्हा गुरुजी, एक मूल आजारी पडले म्हणून साऱ्या वर्गाला रांगेत उभे करू नका. मात्र घरात कुणाला पूर्वी संधिवाताचा ताप येऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कारण भीती आहे ती त्याच तापाची. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होऊ शकतात. दुखणे लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले, तर हे बहुतेक टळते. हा जंतू अजून पेनिसिलीनला बधला नाही असे नाही, बधतोच. बधत नाहीत ती आपली माणसे! गोळ्या दहा दिवसांच्या असतात, तिसऱ्या दिवशी पोर खेळू लागते, आणि उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी कोनाड्यात जातात. तसे करू नका, दहाही दिवस द्या. ते जमणारे नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. एका इंजेक्शनातही काम भागते. पेनिसिलीन पूर्वी सोसले नसेल, तर तेही आधीच सांगावे.