लहान मुलांची अन्ननलिका : जपणूक आणि पुनर्रचना
(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आज मला आपल्याशी शरीरातील एका साध्या नळीविषयी बोलायचे आहे. घास गिळल्यावर तो ज्या मार्गाने पोटात जातो, तो मार्ग म्हणजे अन्ननलिका. मोठ्या माणसात ती साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळात १० सेंटिमीटरच्या आसपास. ती नीट चालते तोवर कोणी तिची आठवण काढीत नाही. बंद पडली की मात्र पाण्याचा घोट आणि स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही.

मुलांमध्ये ही नळी निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले जन्मजात. सुमारे ३,००० ते ४,५०० जन्मांमागे एका बाळाची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते आणि बहुधा तिचा खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. अशा बाळाच्या तोंडातून सारखा फेस येतो, पहिलेच दूध पाजताना ठसका लागतो, अंग निळे पडते. हे दिसले तर “थोडे थांबून पुन्हा पाजून पाहू” असे करू नये. पाजणे बंद करून बाळाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एके काळी अशी बाळे दगावतच असत. १९३९ साली अमेरिकेत लेव्हन आणि लॅड या दोन शल्यविशारदांनी, एकमेकांपासून दूर राहून, अशी एकेक बाळे टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करून वाचविली. पुढे त्यांच्यासाठी छातीच्या त्वचेखालून अन्नाचा नवा मार्ग तयार करावा लागला. १९४१ साली मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे कॅमेरॉन हाइट यांनी तुटलेली दोन टोके एकाच शस्त्रक्रियेत थेट जोडण्यात यश मिळविले. आज बहुसंख्य बाळांत ही दोन टोके जोडता येतात. अंतर फार असेल तेव्हाच पर्यायी नळीचा विचार करावा लागतो.

दुसरे कारण मात्र निसर्गाचे नाही, आपल्या घरातले आहे. त्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

आपल्या घरची मोरी डोळ्यांपुढे आणा. एका कोपऱ्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड असते. ते पुष्कळदा सुटे आणलेले, आणि ठेवलेले कशात? थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत! दोन-तीन वर्षांच्या मुलाला काय कळणार? त्याने ती बाटली खाऊ-पाण्याचीच म्हणून ओळखलेली असते. तहान लागते, झाकण सैल असते, एक घोट जातो. त्या एका घोटाने आतली त्वचा जळते. कॉस्टिक सोडा तर मांस विरघळवीत खोलवर जातो. काही आठवड्यांनी जखम भरते, पण भरताना नळी आखडते. भाकरी उतरेनाशी होते, मग भात, मग दूध, शेवटी पाणीही.

गेल्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतही हीच परिस्थिती होती. तेथे घरोघरी साफसफाईसाठी वापरला जाणारा तीव्र क्षार मुले गिळत. फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हॅलियर जॅक्सन अशा मुलांवर उपचार करीत. परंतु नुसते उपचार करून ते थांबले नाहीत. डब्यावर विष असल्याची स्पष्ट सूचना छापलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. अखेर १९२७ साली तसा कायदा झाला. आपण ती सूचना असलेली बाटली विकत आणतो आणि घरी येऊन सूचना नसलेल्या बाटलीत ओततो, हे किती विपरीत!

आता उपचारांकडे वळू. अन्ननलिका आखडली तर प्रथम ती दुर्बिणीच्या साहाय्याने हळूहळू रुंद करतात. हे महिनोन् महिने, पुन्हा पुन्हा करावे लागते. आपली मूळची अन्ननलिका टिकविणे केव्हाही श्रेयस्कर, कारण तिच्याइतकी चांगली दुसरी नळी अजून कोणी बनविलेली नाही. या काळात गरज पडल्यास पोटाला छोटे छिद्र ठेवून नळीवाटे अन्न देतात.

एवढे करूनही मार्ग मोकळा झाला नाही तर अन्ननलिका बदलावी लागते. ती बाहेरून आणीत नाहीत. मुलाच्याच शरीरातील अवयव वापरतात. एका पद्धतीत मोठ्या आतड्याचा तुकडा, त्याच्या रक्तवाहिन्या न तोडता, छातीतून मानेपर्यंत नेतात. दुसऱ्या पद्धतीत सबंध जठरच मोकळे करून वर मानेपर्यंत ओढून घेतात. जठराला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि जोड एकच, मानेत, द्यावा लागतो, हा तिचा मोठा फायदा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात लुईस स्पिट्झ यांनी ही पद्धत मुलांमध्ये रूढ केली. २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १७३ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. अ‍ॅसिडने जठरही जळाले असेल तर मात्र बहुधा आतड्याचाच आधार घ्यावा लागतो.

शस्त्रक्रिया मोठी आहे. जोड गळणे, पुन्हा आखडणे, छातीत कफ होणे असे धोके असतात. आईबापांनी ते आधी डॉक्टरांना विचारून समजून घ्यावेत. विचारण्यात संकोच कसला? जन्मजात दोष असलेल्या मुलांची लाळ काही काळ मानेवरील छिद्रातून बाहेर काढलेली असते. अशा काळातही त्यांना तोंडाने थोडे थोडे भरवितात. घास मानेतून बाहेर येतो, पोटात काही जात नाही, तरीही भरवितात. कारण गिळणे ही शिकण्याची गोष्ट आहे. जे मूल वर्षभर गिळलेच नाही, त्याला नवी नळी देऊनही घास कसा गिळावा हे कळत नाही. हे भरविण्याचे काम आईचे असते, आणि त्यासाठी लागणारी चिकाटी मोठी असते.

शस्त्रक्रियेनंतर मूल जेवते, खेळते, शाळेत जाते. मात्र जठर छातीत असल्यामुळे त्याला एका वेळी पोटभर जेवता येत नाही. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे लागते आणि जेवून लगेच आडवे होता येत नाही. म्हणून येथील शिक्षकांना माझी विनंती आहे : असा विद्यार्थी आपल्या वर्गात आला आणि तासाच्या मध्ये त्याने डबा उघडला, तर त्याला रागावू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, त्याच्या मानेवरचा व्रण पाहून त्याची चेष्टा करू नका. त्याने तुमच्या वयात तुमच्यापेक्षा पुष्कळ सोसलेले असते.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा. मुलाने अ‍ॅसिड किंवा सोडा गिळला तर त्याला ओकारी काढायला लावू नका. जळणारा पदार्थ दुसऱ्यांदा त्याच मार्गाने वर येतो. लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा असले घरगुती उतारे देऊ नका. तोंड व चेहरा पाण्याने धुवा, ती बाटली बरोबर घ्या आणि तडक रुग्णालय गाठा. तोंडात जखम दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. तोंड स्वच्छ असूनही आत भाजलेले असू शकते.

खेळण्यातील किंवा घड्याळातील चपटा, बटणासारखा सेल गिळला तरी तितकीच घाई करा. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होते. मूल हसत-खेळत असले तरी क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे.

आणखी एक सांगतो. असा प्रसंग घडला की घरातील वडीलधारी मंडळी त्या मुलाच्या आईला बोल लावतात. बाटली कोणी आणली, कोणी ओतली, कोणी खाली ठेवली, याचा हिशोब एकट्या तिच्या माथी मारला जातो. ती तर रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसलेली असते. तिला धीर द्या, तिच्या इतर मुलांना दोन वेळा जेवू घाला, रुग्णालयात एक रात्र तिच्याऐवजी तुम्ही बसा. खर्चाची चिंता असेल तर मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांना जरूर भेटा. पैशाअभावी उपचार मध्येच सोडू नका.

शेवटी, आज घरी गेल्यावर एवढे करा. कपडे बदलण्यापूर्वी मोरीत जा. पेयाच्या बाटलीत अ‍ॅसिड असेल तर ती बाटली आजच हलवा. ते मूळच्याच बाटलीत, घट्ट झाकणाने, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंच, कुलपाच्या कपाटात ठेवा. शेजारच्या घरीही सांगा, कारण आपली मुले शेजारच्या घरीही तहान भागवतात.